पाण्याच्या टाकीपुढची देवी

जनावरांची छावणी,
कडा गावाच्या पुढचा माळ
१२ मार्च २०१३

बंकट,

थोरल्या बहिणीनं पत्राची सुरुवात आशीर्वादानं करायची असते. ते तू आपल्या मनानं वर लिहून घे. दूध संस्थेच्या चेअरमनला माझ्या आशीर्वादाची गरज पडेल असं वाटत नाही, आणि पडलीच तर तू तसा ठराव करून मंजूर करून घेशील.

फोन तू उचलत नाहीस. उचललास तर "अक्का, मीटिंगमदी हाय" म्हणतोस आणि मागून टीव्हीवरच्या मालिकेचं गाणं ऐकू येतं. म्हणून लिहिते. माझं अक्षर तुला लागतं, कारण तुझी भाषणं इतकी वर्षं मीच लिहून देत होते. "शेतकरी बंधू आणि भगिनींनो"च्या पुढे तुझी गाडी स्वतःहून कधी गेली नाही. हे पत्र चाऱ्याच्या ट्रकवाल्याकडे देते आहे.

परवा तू छावणी बघायला आलास. पांढऱ्या पँटीला धूळ लागू नये म्हणून ड्रायव्हरनं तुझ्या पायाखाली पोतं टाकलं. मग उसाचं वाढं हातात धरून तू एका गाईपुढे उभा राहिलास आणि फोटो काढून घेतलास. ती गाय आमची होती. तिनं तोंड फिरवलं. वर्षभरात मला एवढं बरं वाटलं नव्हतं. माझ्या खोपीकडे तू बघितलंही नाहीस, पण तुझ्या दाजींना बाजूला घेऊन सांगून गेलास, "अक्काला म्हनावं ते हातवारे उगड्यावर करू नगा. लोक इचारत्यात." दाजींनी ते जसंच्या तसं मला सांगितलं. आमच्या ह्या जालिंदररावांची जन्मात कुणाला उलट बोलायची छाती झाली नाही, तुला तर नाहीच.

तर ते हातवारे काय आहेत ते एकदा नीट ऐक. गेल्या वर्षी नगरला माझं डावं स्तन काढलं, ते कॅन्सरमुळे. त्याबरोबर काखेतल्या गाठीही काढल्या. त्या गाठींतून हातातलं पाणी अंगात परत जातं. ती वाटच गेली, म्हणून आता पाणी हातात साचतं आणि हात सुजतो. दवाखान्यातल्या व्यायामाच्या मॅडमनी मला समोर उभं करून शिकवलं. आधी डोळे मिटून पोटातून सावकाश श्वास घ्यायचा. मग खांदे मागे फिरवायचे. हात वर धरून मूठ मिटायची, उघडायची. भिंतीकडे तोंड करून बोटांनी भिंत चढायची, जिथवर हात जाईल तिथवर. हाताला घट्ट बसणारी बाही घालायची ती वेगळीच. हे रोज करायचं आणि जन्मभर करायचं. नाही केलं तर हात लाकडासारखा जड होतो आणि मग उतरत नाही. धार काढायला मला दोन्ही हात लागतात. तुझ्यासारखं नुसतं सही करून माझं भागत नाही.

खोपीत कर म्हणतोस. त्या खोपीत ताठ उभं राहिलं की डोकं पत्र्याला टेकतं, हात कुठे वर करू? पत्रे तुझ्याच संस्थेनं दिलेत, तुला माहीत असायला हवं.

मी दवाखान्यातून आले तेव्हा तू सगळ्या गावाला सांगून मोकळा झाला होतास की अक्का मोटारसायकलवरून पडली, हात मोडला. "पोरीची सोयरीक चालू हाय अक्का. आपल्या घरात असला रोग हाय म्हनल्यावर कोन पोरगी करून घेईल?" मी तेव्हा गप्प राहिले, कारण बोलायचं त्राण नव्हतं. तू त्याला होकार धरलास. सभेतही तू असंच करतोस. कुणी खोकलं नाही की ठराव मंजूर.

व्यायाम मी उघड्यावरच करणार आहे. हात माझा आहे, संस्थेचा नाही.

केशर


छावणी
३१ मार्च २०१३

बंकट,

तुझं उत्तर आलं नाही. ट्रकवाल्याकडून निरोप तेवढा आला, "चेअरमन म्हनले, बगू." पाण्याच्या टँकरबद्दलही तू असंच म्हणतोस आणि जनावरं जिभा काढून वाट बघतात.

आता इथे काय झालं ते वाच. हसायचं तर हस, पण पुढच्या कामासाठी थोडी अक्कल शिल्लक ठेव.

ह्या अख्ख्या माळावर भिंत म्हणावी अशी एकच आहे, जनावरांच्या पाण्याच्या टाकीची. सकाळी शेणघाण झाली की मी तिच्याकडे तोंड करून व्यायाम करते. शेजारच्या खोपीत दगडाबाई आहे. तिच्याकडे दोन म्हशी आहेत आणि छावणीतल्या सगळ्या बातम्या. तिनं विचारलं, हे काय करताय? मी तुझं शिकवलेलं सांगितलं, हात मोडला होता, त्याचा व्यायाम आहे. ती म्हणाली, "मोडल्याल्या हातापायी कुनी डोळं झाकून येवढा दम टाकतंय व्हय?" एका अडाणी म्हातारीला जे चटकन कळलं ते लपेल असं तुला वाटलं होतं. खोटं बोलायलाही डोकं लागतं बाबा.

त्या दिवशी होता शुक्रवार. मी नेहमीसारखी टाकीपुढे उभी होते, डोळे मिटलेले, खांदे फिरताहेत, हात भिंतीवरून वर चाललाय. आणि नेमका त्याच दुपारी तुझा रखडलेला टँकर आला. झालं. दुसऱ्या दिवशी व्यायाम करून वळले तर मागे नारळ, हळदीकुंकू आणि हात जोडलेली दगडाबाई. "मी डोळ्यानं बगितलं की. वारं आलं हुतं अंगात. पानी तिनंच आनलं." मी तिला चांगली झापली. ती मागे फिरून बायांना म्हणाली, "आई लई कडक हाय."

आता मंगळवारी आणि शुक्रवारी रांग लागते. मी शिंकले तरी त्यातून काहीतरी काढतात. एकानं विचारलं, "आई, पानी कवा पडंल?" मी म्हटलं, मला काय ठाऊक, मृगात पडलं तर पडेल. संध्याकाळपर्यंत छावणीभर झालं की आईनं मृगाचं वचन दिलं. बाया बांगड्या भरायला येतात. मी सांगते, ह्या हातात काही भरायचं नाही, आवळलेलं चालत नाही. तर म्हणे डाव्या हाताचा देवीला नेम आहे. माझी दवाखान्याची बाही कातडीच्या रंगाची आहे, तिला ही मंडळी 'आईची कात' म्हणतात. दाजी मात्र मजेत आहेत. रोज खोबऱ्याची चटणी चालली आहे.

लोकांवर मी चिडते, पण त्यांची जनावरं दावणीला उपाशी आहेत आणि तुझ्या शब्दावर त्यांचा भरवसा उरलेला नाही. त्यांना कुणाचे तरी पाय धरायचे होते, माझे सापडले.

ह्यात माझा हात मात्र बिघडायला लागला आहे. मी हात वर केला की हलगी वाजायला लागते, बाया पायावर पडतात, एकदोघी घुमायला लागतात. श्वास कसा घेऊ आणि मूठ किती वेळा मिटू? अर्ध्यावर सोडून पळते. निजून करायचे तेवढे प्रकार खोपीत करते, पण भिंतीशिवाय खांदा सुटत नाही. मनगटाचं हाड दिसायचं बंद झालं आहे.

म्हणून एक काम सांगते. तू ये आणि चारचौघांत सांग की माझ्या बहिणीला कॅन्सर झाला होता, ऑपरेशन झालं, तिला बाई म्हणून नीट व्यायाम करू द्या. मी सांगितलं तर देवी परीक्षा बघते म्हणतील. तू चेअरमन आहेस, तुझं ऐकतील. आयुष्यात एकदा तरी खरं बोलून बघ, कदाचित जमेल.

केशर


छावणी
२१ एप्रिल २०१३

चेअरमनसाहेब,

आलात. गाजावाजा करून आलात. फोटोवाला पुढे, हार मागे. मला वेडीला वाटलं, पत्र वाचून आला.

सगळ्या छावणीसमोर तू माझ्या पायावर डोकं ठेवलंस. राखीपौर्णिमेला तुला वाकायला सांगितलं की कंबर धरायची तुझी. फोटो झाल्यावर माझ्या कानाशी लागून म्हणालास, "अक्का, हे असंच चालू दे. संस्थेची निवडनूक तोंडावर हाय. देवीचा कौल आपल्या पॅनलला हाय म्हनल्यावर समोरचे फारमसुदिक भरनार न्हाईत." मी म्हटलं, बंकट, माझा हात बघ. तू बघितलास. खरंच बघितलास, बाही वर करून बघितलास. आणि म्हणालास, "सुजलाय तर सुजू दे की थोडा. आईचं तेज हाय म्हनत्यात लोक."

त्या क्षणी मला तुझी किळस आली. आजवर मी तुला लबाड समजत होते, आणि लबाड भाऊ बऱ्याच जणींना असतात. पण हे लबाडीच्या पलीकडचं आहे. मला जो रोग झाला तो तू लपवलास, आणि त्या रोगानं मागे ठेवलेली सूज आता तू मतांसाठी मांडून ठेवतोस. आईनं तुला अंगावर पाजलं तेव्हा मी शेजारी बसून माशा वारत होते. फुकट वारल्या.

दुसऱ्याच दिवशी गवंडी आला. टाकीपुढे ओटा बांधून झाला, वर घंटा लागली. सिमेंट कुठून आलं ते मी विचारत नाही. जनावरांना तिथून पाणी प्यायला बंदी झाली, आता ती लांबून फेरा मारून जातात. आणि माझी एकमेव भिंत फुलांच्या माळांनी झाकून गेली. बोटं टेकवू तरी कुठे?

गेल्या आठवड्यात गर्दीत कुणाच्या तरी फुटलेल्या नारळाची करवंटी ह्याच हाताला लागली. साधं खरचटलं. पण मॅडमनी बजावलं होतं की ह्या हाताला ओरखडाही सोसत नाही. संध्याकाळी हात लालबुंद, गरम, आणि अंगात सणकून ताप. दाजींनी मात्र त्या दिवशी कुणाला विचारलं नाही. दुधाच्या गाडीत घालून मला सरळ कडा गावातल्या डॉक्टरकडे नेलं. औषध चालू आहे, ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं. तुझ्या बंगल्यावरूनच गाडी गेली. गच्चीवर तुझा मांडव दिसला, बैठक चालू असावी.

इकडे छावणीत बातमी फिरली की आई तापली आहे, कुणीतरी विटाळ केला. म्हणून आणखी नारळ आले.

मला आता उत्तर नको. ओटा तेवढा काढून ने.

केशर


नगर, दवाखाना
१२ मे २०१३

बंकट,

हे पत्र मी दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे. तू ड्रायव्हरला फोन करून गाडी कधी परत येणार हे विचारलंस, ते त्यानं मला सांगितलं. गाडीचं विचारलंस, बायकोचं नाही. म्हणून काय झालं ते पहिल्यापासून लिहिते, म्हणजे कुणाचंतरी ऐकून तू स्वतःची गोष्ट तयार करणार नाहीस.

परवा शुक्रवारी तू अंजनाला ओटी भरायला पाठवलंस. तुला स्वतःला कारखान्याच्या बैठकीला जायचं होतं, म्हणून बायको आणि फोटोवाला. चेअरमनची बायको देवीपुढे वाकलेली दिसली पाहिजे, एवढाच तुझा हिशोब. वर्षभर तू तिला मला भेटू दिलं नव्हतंस. नणंद म्हणून बंदी होती, देवी म्हणून गाडी करून पाठवलीस.

ओटा तू काढला नाहीसच, आणि बायांनी मला धरून त्यावर बसवलं होतं. ती डोक्यावरून पदर घेऊन रांगेत उभी होती. जवळ आली, ओटीत नारळ घातला, वाकली. मग उठेचना. फोटोवाला म्हणाला, वहिनी, इकडे बघा. तिनं नाही बघितलं. तिनं माझा उजवा हात धरला आणि पदराच्या आत, आपल्या उराशी नेला. गाठ होती. बोराएवढी नाही, लिंबाएवढी होती. 

"कवापासून?"

"दिवाळीच्या आदीपासून, वन्सं."

"मंग बोलली कावून न्हाईस?"

"कुनाला बोलू? तुमचं नाव काडलं तरी ताट फेकत्यात. म्हनले, असला रोग आमच्या घरात नसतो. मंग मला झालाय तो कोनता, ते कुनाला इचारू?"

हे ती माझ्या पायाशी वाकून, आवाज न करता बोलत होती. मागे हलगी चालू होती आणि बाया म्हणत होत्या, चेअरमनीनबाईला आईनं कसं कवेत घेतलं बघा. तू हे असं एक माणूस केलंस बंकट, ज्याला आपल्या नणंदेशी बोलायला देवीच्या रांगेत उभं राहावं लागतं. थुंकावंसं वाटलं मला तुझ्या नावानं.

मी उठले आणि हलगीवाल्याच्या हातातली काठी काढून घेतली. बाही खांद्यापासून ओढून काढली. तो हात तसा उघडा छावणीतल्या कुणी बघितला नव्हता. मग मला जेवढ्या मोठ्यानं बोलता आलं तेवढ्या मोठ्यानं बोलले. "ऐका गं बायांनो. ह्यो हात मोडला न्हवता. ह्याच्यात देवी बी न्हाई. मला छातीचा कॅन्सर झाला हुता. डावी बाजू कापून काडलीय, बगायची असंल त्या बाईनं खोपीत यावं, मी दावते. त्याच्यामुळं हात सुजतो. सुजू नये म्हनून सकाळी कसरत करते. अंगात बिंगात काय येत न्हाई. बंकटनं सांगितलं म्हनून वर्सभर गप बसले, आता न्हाई बसनार."

गहिनीनाथ नावाचा एक म्हातारा हळूच म्हणाला, "आई परीक्षा बगतीया." दगडाबाई त्याच्यावर कडाडली, "गप बस की रं, बाई सोताच्या तोंडानं सांगतीया." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पर मंग माजे नारळ वापस द्या." तिचे नारळ दाजींनी कधीच खाल्ले होते. दुसऱ्याचे दोन दिले. रांग मोडली. काहीजण शिव्या देत गेले, त्या शिव्या मला हारांपेक्षा बऱ्या वाटल्या. एक तरणी बाई तेवढी चपलेचा पट्टा लावण्याचं निमित्त करून मागे रेंगाळली आणि तिनं विचारलं, "गाट दुखत नसंल तर काय न्हाई ना?" मी म्हटलं, "दुखत न्हाई म्हनूनच बायका घरी बसून राहत्यात. उद्याच दावून ये." फोटोवाल्यानं विचारलं, हा फोटो घेऊ का? घे म्हटलं, आणि चेअरमनला फुकट दे.

तुझा ड्रायव्हर गाडीत झोपला होता, त्यानं ह्यातलं काही ऐकलं नव्हतं. साहेबांना विचारल्याशिवाय नगरला नेत नाही म्हणाला. मी डोळे वटारून म्हटलं, देवीचं सांगणं आहे. त्यानं लगेच गाडी चालू केली. एवढ्या दिवसांत त्या देवीनं केलेलं हे एकच चांगलं काम.

सुई घालून तपासणी झाली. ती गाठ तीच आहे, जी मला होती. डॉक्टर म्हणाले, माझ्यापेक्षा पुढे गेलेली आहे, पण हाताबाहेर गेलेली नाही. दिवाळीत आली असती तर बरं झालं असतं, असंही म्हणाले. ते वाक्य मी तुझ्यासाठी मुद्दाम इथे लिहिते आहे. परवा ऑपरेशन. पोरीलाही एकदा दाखवून घ्यायला सांगितलं आहे. तिच्या होणाऱ्या सासरी मी स्वतः कळवते. त्यावरून सोयरीक मोडणारी माणसं असतील तर पोरगी वाचली म्हणायची.

आज सकाळी त्याच व्यायामाच्या मॅडम आल्या. माझा हात बघून रागावल्या, मग टेप लावून मोजला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला सांगितलं. उतरेल म्हणाल्या, पण आधीसारखा नाही. अंजनाची खाट भिंतीला लागून आहे. मी भिंतीवर बोटं चढवत होते आणि ती पडल्या पडल्या बघत होती. थोड्या वेळानं उठून माझ्या शेजारी उभी राहिली. म्हणाली, आत्ताच शिकून ठेवते, नंतर दुखेल तेव्हा ध्यानात राहायचं नाही. आम्ही दोघी भिंतीकडे तोंड करून उभ्या होतो आणि मला रडू आलं. ती रडली नाही. श्वास पोटातून घ्यायचा की छातीतून, एवढंच तिनं विचारलं.

दुपारी ऑपरेशनच्या डॉक्टरांनी विचारलं, घरचं कोण आहे? मी तुझं नाव सांगायला तोंड उघडलं. कितीही झालं तरी तिचा नवरा आहेस. त्याआधीच अंजना म्हणाली, "ह्या हायत की. माज्या नणंदबाई." डॉक्टर म्हणाले, आणि मालक? मी सांभाळून घेत म्हटलं, ते कामात आहेत, येतील.

"असू द्या," अंजना म्हणाली.

रागानं म्हणाली असती तर मी तुला ताबडतोब बोलावून घेतलं असतं, कारण राग असला की माणूस अजून वाट बघत असतं. पण ती अगदी सहज म्हणाली, आणि डॉक्टरांना विचारायला लागली की ऑपरेशननंतर म्हशीची धार कधी काढता येईल.

केशर